अनुवादाचे व्यावसायिक सॉफ्टवेअर : मराठीत काम करणाऱ्यांनी वर्गणी भरण्यापूर्वी

सांगलीत राहून मी इंग्रजी-मराठी आणि मराठी-इंग्रजी अनुवादाचे काम करते. द्राक्षबागेच्या औषधांची माहितीपत्रके, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या यंत्रपुस्तिका, विम्याची पत्रे आणि जमिनीचे दस्त असे या कामाचे साधारण स्वरूप आहे. त्यासाठी वार्षिक वर्गणीवर घेतलेल्या एका परदेशी सॉफ्टवेअरचा अनुभव येथे सविस्तर मांडत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण यातले दोष कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासून पाहावेत असे आहेत, आणि वाचणाऱ्याने नावापेक्षा दोष लक्षात ठेवावेत अशी माझी इच्छा आहे. माझे मत आधीच सांगते : इंग्रजीतून जर्मन किंवा फ्रेंचमध्ये अनुवाद करणाऱ्याला हे सॉफ्टवेअर उत्तम वाटेल, पण मराठीत काम करणाऱ्याने ते आजच्या स्थितीत विकत घेऊ नये.

ज्यांना या प्रकारच्या सॉफ्टवेअरची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. याला आमच्या व्यवसायात कॅट टूल म्हणतात. ते स्वतः अनुवाद करत नाही. मूळ मजकुराची वाक्यावाक्याने फोड करून ते आपल्यासमोर डावीकडे मूळ आणि उजवीकडे अनुवाद अशी मांडणी करते, आपण केलेले प्रत्येक वाक्य जोडीने साठवते आणि पुढे तेच किंवा त्याच्यासारखे वाक्य आले की आधीचा अनुवाद पुढे करते. या साठ्याला ट्रान्सलेशन मेमरी म्हणतात, आम्ही नुसते मेमरी म्हणतो. सोबत टर्मबेस, म्हणजे ठरलेल्या परिभाषेची यादी असते, आणि काम संपल्यावर आकडे, परिभाषा, राहून गेलेली वाक्ये तपासणारी क्यूए नावाची सोय असते. यंत्रपुस्तिकेत एकच सूचना अनेक ठिकाणी येते, विम्याच्या पत्रात निम्मा मजकूर दरवर्षी तोच असतो, त्यामुळे अशा साधनाची आम्हाला खरोखर गरज आहे. या सॉफ्टवेअरच्या चांगल्या बाजूही आहेत. मूळ फाइलची मांडणी, तक्ते आणि चित्रांच्या जागा ते जशाच्या तशा राखते, मोठी फाइल उघडताना अडखळत नाही, आणि जुन्या कामात एखादा शब्दप्रयोग कोठे कसा वापरला होता हे इंग्रजी शब्दावरून क्षणात दाखवते.

अडचण तेथून पुढे सुरू होते. कंपनीच्या संकेतस्थळावरील भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि प्रकल्प तयार करताना 'मराठी (भारत)' हा पर्यायही निवडता येतो. प्रत्यक्षात मात्र हिंदीसाठी केलेली व्यवस्था जशीच्या तशी मराठीच्या नावाखाली ठेवलेली आहे, असे मी जसजशी एकेक सोय वापरत गेले तसतसे स्पष्ट होत गेले. दोन्ही भाषांची लिपी एक असली तरी विभक्तिप्रत्यय लिहिण्याची रीत, आकडे लिहिण्याची सवय, काही अक्षरे आणि संक्षेप वेगळे आहेत. नेमक्या याच ठिकाणी हे सॉफ्टवेअर चुकते. एखाद दुसरी चूक असती तर ती मी नजरचूक म्हणून सोडून दिली असती. येथे मात्र सगळ्या चुका एकाच दिशेच्या आहेत.

सर्वांत गंभीर दोष आकड्यांचा आहे, आणि तो मी नीट उलगडून सांगणार आहे, कारण त्याचा परिणाम कागदावर थांबत नाही.

मेमरीतील वाक्य आणि नवे वाक्य यांत फक्त आकड्याचा फरक असेल तर हे सॉफ्टवेअर तो फरक धरत नाही. दोन्ही वाक्ये सारखी मानून ते शंभर टक्के जुळणी दाखवते, जुना अनुवाद घेते, त्यातला जुना आकडा काढून नवा आकडा बसवते आणि वाक्यावर हिरवी खूण करून पुढे जाते. इंग्रजी अंक वापरणाऱ्या भाषांत हे अगदी बरोबर चालते आणि त्यामुळे पुष्कळ वेळ वाचतो. मराठीत आपण देवनागरी अंक लिहितो. हे सॉफ्टवेअर मूळ इंग्रजी वाक्यातला आकडा ओळखते, पण अनुवादातला देवनागरी आकडा त्याच्या दृष्टीने आकडाच नसतो, एक साधे अक्षर असते. त्यामुळे बदलण्यासारखे काही सापडले नाही असे मानून ते जुना आकडा तसाच ठेवते. जुळणी मात्र शंभर टक्केच दाखवते, आणि हिरवी खूणही करते.

हे माझ्या लक्षात आले ते एका बुरशीनाशकाच्या माहितीपत्रकावर काम करताना. आधीच्या पत्रकात डाऊनी या द्राक्षावरील बुरशीजन्य रोगासाठी प्रति लिटर पाण्यात २.५ ग्रॅम असे प्रमाण होते, नव्या पत्रकात दुसऱ्या औषधासाठी ते १.५ ग्रॅम होते, आणि बाकीचे वाक्य शब्दशः तेच होते. पडद्यावर डावीकडे इंग्रजीत दीड आणि उजवीकडे मराठीत अडीच अशी दोन वाक्ये शेजारी शेजारी उभी होती, आणि त्यांच्यामध्ये हिरवी खूण होती. काम पाठवण्यापूर्वी मी सगळे आकडे छापील प्रतीवर मुळाशी ताडून पाहते, म्हणून ते पुढे गेले नाही. त्याच फाइलमध्ये काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची, म्हणजे बागायतदार ज्याला पीएचआय म्हणतात, ते दिवसही जुन्याच औषधाचे आलेले होते.

या चुकीचे वजन आमच्या भागात कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तासगाव, पलूस, मिरज या पट्ट्यातला बागायतदार दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये औषध कालवतो. दीड ग्रॅमच्या हिशेबाने त्यात ३०० ग्रॅम पडायला हवे, आणि अडीचच्या हिशेबाने ५०० ग्रॅम पडते. पानांवर चट्टे पडणे हा झाला एक भाग. निर्यातीचा माल असेल तर युरोपीय संघात रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या मर्यादा अत्यंत कडक आहेत, आणि ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सरसकट मर्यादा लागू होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, ती आठवण आमच्याकडे अजून ताजी आहे. वर्षभराची मेहनत, ऑक्टोबर छाटणीपासूनचा खर्च आणि बँकेचे कर्ज या सगळ्याचा भार ज्या कागदावर आहे, त्या कागदातला आकडा एखाद्या सॉफ्टवेअरने न विचारता चुकीचा ठेवावा आणि वर बरोबर असल्याची खूण करावी, हे मला अक्षम्य वाटते.

येथे क्यूए तपासणीने हात द्यायला हवा होता, कारण मूळ आणि अनुवाद यांतले आकडे जुळतात का हे पाहणे हेच तिचे पहिले काम आहे. परंतु देवनागरी अंक ओळखता येत नसल्यामुळे ही तपासणी आकडा असलेल्या प्रत्येक वाक्यावर 'आकडा गहाळ' असा इशारा देते. औषधाच्या पत्रकात आकडा नसलेले वाक्य शोधावे लागते, त्यामुळे इशाऱ्यांची यादी पत्रकापेक्षा लांब होते. बरोबर वाक्यावरही इशारा आणि चुकीच्या वाक्यावरही तोच इशारा, अशा यादीचा उपयोग शून्य असतो, आणि घाईच्या कामात कोणीही अनुवादक ती तपासणी बंद करून टाकील. म्हणजे एका दोषाने चूक घडते आणि दुसऱ्या दोषामुळे ती चूक पकडण्याची वाट बंद होते.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे अशी सबब येथे चालणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी संकेत ठरवून देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, देवनागरी अंकांना दशमान अंक असा गुणधर्म पहिल्यापासून दिलेला आहे आणि प्रत्येकाची संख्यात्मक किंमतही तेथे नोंदलेली आहे. देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच यांची किंमत एक आहे हे संगणकाला सांगण्यासाठी नवे संशोधन लागत नाही. ही उणीव कंपनीच्या नजरेस का आली नाही, याचे उत्तर मला हिंदीत सापडते. संविधानाच्या कलम ३४३ नुसार संघराज्याच्या कारभारासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारलेले आहे, म्हणून हिंदीतील व्यावसायिक मजकूर बहुधा इंग्रजी अंकांतच असतो आणि तेथे ही अडचण येतच नाही. मराठीत मात्र शासकीय कागदापासून एसटीच्या पाटीपर्यंत देवनागरी अंक रुळलेले आहेत, आणि आमचे ग्राहक तेच मागतात.

यात अनुवादकाच्या पैशाचाही प्रश्न आहे. एजन्सी आम्हाला शब्दांवर मोबदला देते, आणि मेमरीतली जुळणी जितकी जास्त तितका त्या शब्दांचा दर कमी धरते. शंभर टक्के जुळणाऱ्या वाक्याला अगदी नाममात्र दर मिळतो, काही ठिकाणी काहीच मिळत नाही. हे वाक्य आयते मिळाले, त्याला हात लावावा लागला नाही, असे त्यामागचे गृहीतक असते. आमच्याकडे अशा प्रत्येक वाक्यातला प्रत्येक आकडा डोळ्यांत तेल घालून तपासावा आणि हाताने दुरुस्त करावा लागतो. काम वाढते ते आमचे, आणि हिशेबात ते काम झालेलेच नसते.

दुसरा दोष दिसायला लहान आहे, पण पानोपानी छळतो. मूळ मजकुरात एखादा शब्द ठळक असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना टॅग, म्हणजे ठळकपणा कोठे सुरू आणि कोठे बंद होतो हे सांगणाऱ्या खुणा येतात आणि अनुवादातही ते ठेवावे लागतात. बंद होणाऱ्या टॅगनंतर अक्षर आले की हे सॉफ्टवेअर मध्ये आपोआप एक मोकळी जागा सोडते. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतो, त्यामुळे ठळक अक्षरांतल्या 'कंपनी'पुढे 'ने' लिहिले की छापील पानावर 'कंपनी ने' असे उमटते. हिंदीत नामापासून प्रत्यय तोडूनच लिहितात, तेथे ही मोकळी जागा शुद्ध ठरते. मराठीत ती सरळ अशुद्ध आहे, आणि विमा पत्रात विमाधारकाचे नाव, पॉलिसीचे नाव, शाखेचे नाव असे सगळेच ठळक असल्याने एका पानावर अशी तुटलेली अनेक रूपे येतात. ती जागा काढून टाकली तर वाक्य कायम करताना ती पुन्हा येते. शेवटी फाइल बाहेर काढल्यावर वर्डमध्ये एकेक जागा पुसत बसावे लागते, आणि या दुरुस्त्या मेमरीत जात नसल्यामुळे पुढच्या वर्षीच्या पत्रात तोच खटाटोप नव्याने करावा लागतो.

टर्मबेसची गतही अशीच आहे. 'रक्कम' हा शब्द यादीत नोंदवला तर सॉफ्टवेअर अनुवादात अक्षरशः 'रक्कम' शोधते, आणि वाक्यात 'रकमेवर' आले की ठरलेली परिभाषा वापरली नाही असा इशारा देते. मराठीत शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते हे शाळेतले व्याकरण आहे. 'हप्ता'चे 'हप्त्याला' होते, 'तारीख'चे 'तारखेपर्यंत' होते, 'पाऊस'चे 'पावसामुळे' होते. मूळ रूप वाक्यात जसेच्या तसे येण्याचा प्रसंग थोडाच असतो. प्रत्येक शब्दाची सगळी रूपे हाताने भरावीत असा सल्ला मला देण्यात आला होता. एका नामाची एकवचनी आणि अनेकवचनी विभक्तिरूपे, त्यांना लागणारी शब्दयोगी अव्यये आणि पुन्हा 'च' आणि 'ही' जोडून होणारी रूपे धरली तर ही यादी कोणालाही पुरी करता येणार नाही. फिनिश किंवा तुर्की यांसारख्या प्रत्ययबहुल भाषांसाठी शब्दाचे मूळ ओळखण्याची सोय याच सॉफ्टवेअरमध्ये दिलेली आहे. ती मराठीसाठी करता येत नाही असे मानायला काही आधार नाही.

शोधाची सोय वापरताना एक वेगळाच प्रकार समोर आला. 'शेतकऱ्यांनी' हा शब्द मेमरीत शोधला तर काही जुनी वाक्ये सापडतात आणि काही सापडत नाहीत, जरी पडद्यावर दोन्हीकडे शब्द हुबेहूब सारखा दिसत असतो. याचे कारण असे की 'ऱ्य' मधला चंद्राकृती र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात साधा र, हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह असे तीन संकेत असतात, दुसऱ्या प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त असे दोन. कोणत्या कळफलकावर टंकन केले यावर ते अवलंबून असते. 'ॲसिड' आणि 'ॲल्युमिनियम' या शब्दांतल्या पहिल्या अक्षराचेही तेच आहे. या अक्षराला युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये, स्वतंत्र संकेत मिळाला, पण त्याआधीच्या आणि नंतरच्याही अनेक फाइलींत ते अ आणि त्यावर चंद्र असे जोडून लिहिलेले आढळते. चांगल्या शोधयंत्रणेने ही दोन्ही रूपे एक धरायला हवीत. हे सॉफ्टवेअर ती वेगळी धरते, आणि शेतीच्या माहितीपत्रकात ज्या शब्दावाचून पान जात नाही तो शब्दच अर्धवट सापडतो. हिंदीत ही दोन्ही अक्षरे लागत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

मराठीतून इंग्रजीत जाताना त्रास होतो तो वाक्यांच्या फोडीचा. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे पालक मालमत्तेची कागदपत्रे घेऊन येतात, त्यांत सातबारा, फेरफार, खरेदीपत्र असे सगळे असते. 'मौजे अमुक, ता. तासगाव, जि. सांगली येथील गट क्र. अमुक, क्षेत्र इतके हे. आर, किंमत रु. इतके' अशी ओळ आली की सॉफ्टवेअर प्रत्येक टिंबापाशी वाक्य संपले असे समजते. एका ओळीचे पाच-सहा तुकडे होतात, त्यातल्या एका तुकड्यात नुसते 'जि.' उरते आणि तेच पुढे मेमरीत एक वाक्य म्हणून जाऊन बसते. खरेदीपत्रातले एक वाक्य अर्धे पान चालते आणि त्याचे क्रियापद अगदी शेवटी असते, तेव्हा अशा तुकड्यांतून इंग्रजी वाक्य जुळवणे म्हणजे फुटलेल्या रांजणाच्या खापऱ्या सांधण्यासारखे आहे. संक्षेपांची यादी पाहिली तर तीत 'डॉ.' आणि 'प्रा.' आहेत, 'ता.', 'जि.', 'क्र.', 'हे.' नाहीत. ही यादी आपल्याला वाढवता येते हे खरे आहे आणि मी ती वाढवली, परंतु सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की यादी मूळ स्थितीला जाते आणि आपली भर नाहीशी होते. भर वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवून प्रत्येक वेळी पुन्हा भरणे हाच आता त्यावर उपाय आहे.

छपाईबद्दल थोडक्यात. तयार फाइलमध्ये मजकुराची भाषा मराठी नोंदवली जाण्याऐवजी हिंदी नोंदवली जाते. मराठीसाठी वेगळी अक्षररूपे असलेले फॉन्ट ही नोंद पाहूनच पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने हीच रूपे मराठीसाठी प्रमाण ठरवलेली आहेत. नोंद हिंदी असल्यामुळे हिंदी वळणाचे ल आणि श उमटतात, आणि वर्डमधला शुद्धलेखन तपासणारा कोश बरोबर असलेल्या मराठी शब्दांखाली लाल रेघा ओढत सुटतो. सॉफ्टवेअरमधूनच थेट पीडीएफ काढली तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे सरकते आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतो. त्यामुळे ती सोय मी वापरणेच सोडले आहे.

तक्रार निवारणाचा अनुभव निराशाजनक आहे. परदेशातल्या मदतकक्षाला मी आकड्यांच्या दोषाबद्दल उदाहरणाची फाइल, पडद्याची चित्रे आणि दोष पुन्हा घडवून पाहण्याची क्रमवार कृती असे सगळे इंग्रजीत लिहून पाठवले. उत्तरात सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवण्याची सूचना आली. ती पाळूनही काही बदलले नाही असे कळवल्यावर प्रकल्पात इंग्रजी अंक वापरून पाहावेत असे सुचवण्यात आले, म्हणजे सॉफ्टवेअरला जमत नाही म्हणून भाषेने आपली रीत सोडावी असा त्याचा अर्थ झाला. पुण्यातल्या वितरकाला फोन केला तेव्हा तेथील प्रतिनिधी अतिशय सौजन्याने बोलले. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं मी वर कळवतो, पण हिंदीच्या लोकांकडून अशी तक्रार कधी आलेली नाही." त्यांचा दोष नाही, त्यांच्या हातात काही नाही. परंतु सगळ्या दोषांचे मूळ त्यांच्या त्या एका वाक्यात होते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. एवढ्या मोठ्या भाषेच्या अडचणी दुसऱ्या भाषेतून तक्रार आली तरच खऱ्या मानायच्या, हे मला मान्य नाही, आणि पूर्ण वर्गणी घेणाऱ्या कंपनीने तसे मानणे तर मुळीच योग्य नाही. इंग्रजी-जर्मन अनुवादक जेवढे पैसे भरतो तेवढेच आम्ही भरतो, किंबहुना परकीय चलनातल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरून भरतो.

आणखी एक गोष्ट सांगलीसारख्या ठिकाणी महत्त्वाची आहे. हे सॉफ्टवेअर ठरावीक काळाने इंटरनेटवरून परवाना तपासते, आणि त्या वेळी जोडणी नसेल तर फाइल फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा राहत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचा मोठा भाग कसा ठप्प झाला होता हे येथील प्रत्येकाला माहीत आहे. लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुढे नेता यावे एवढी किमान अपेक्षाही या रचनेत पूर्ण होत नाही.

पर्याय म्हणून मी सध्या ओमेगा-टी वापरू लागले आहे. ते मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि त्याला परवान्यासाठी इंटरनेट लागत नाही. वाक्यांच्या फोडीचे नियम स्वतः लिहिता येतात आणि ते आपल्याकडेच राहतात. दिसायला ते साधे आहे, शिकायला पहिले काही दिवस कष्ट पडतात, आणि मराठीची सामान्यरूपे त्यालाही ओळखता येत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु ते जे करत नाही ते करत असल्याचा दावाही करत नाही. जुनी मेमरी टीएमएक्स या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढून त्यात घेता येते. फक्त बाहेर काढलेल्या फाइलमध्ये मराठीऐवजी हिंदीचा भाषासंकेत पडलेला असतो, तो साध्या मजकूर-संपादकात शोधून सगळीकडे बदलून घ्यावा, नाहीतर नव्या ठिकाणी मेमरी रिकामी असल्यासारखी दिसते आणि वर्षांचे काम गेले असे वाटून जीव घाबरा होतो.

जे अजून खरेदीच्या विचारात आहेत त्यांनी कोणत्याही कंपनीची चाचणी आवृत्ती घेतल्यावर आपल्याच कामातली एक लहान फाइल करून पाहावी. तीत फक्त आकड्याचा फरक असलेली दोन वाक्ये, प्रत्यय लागलेला एक ठळक शब्द, 'शेतकऱ्यांना' असलेली दोन वेगवेगळ्या कळफलकांवर लिहिलेली वाक्ये आणि 'ता.', 'जि.' असलेली जमिनीच्या दस्तातली एक ओळ असावी. एका दुपारी उत्तर मिळते, आणि विक्रेत्याच्या सादरीकरणातून ते कधीच मिळत नाही.

ज्यांनी वर्गणी भरून टाकली आहे त्यांनी मेमरीच्या पर्यायांत जाऊन आकडे आपोआप बदलण्याची सोय आजच बंद करावी. ती बंद केली की फक्त आकड्याचा फरक असलेले वाक्य शंभर टक्क्यांखाली येते, पिवळे दिसते आणि आपण पाहिल्याशिवाय कायम होत नाही. संक्षेपांच्या यादीप्रमाणेच हा पर्यायही प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मूळ स्थितीला जाऊन पुन्हा सुरू होतो, म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्याची सूचना दिसली की कोणतीही फाइल उघडण्यापूर्वी तो बंद आहे ना, हे पाहून घ्यावे.